मागचं चाक डुगडुगतं काहून?

सोयाबीन निघालं, कापूस वेचणीला आला आणि पावसाळाभर बंड्या-ट्रॅक्टरनी पाडलेल्या चाकोऱ्या वाळून टणक झाल्या. पांदणीतून गाडी घालणाऱ्यांची चाकं याच दिवसांत जातात. या खेपेला आलेल्या पत्रांत चाक आणि बेअरिंगचेच प्रश्न जास्त आहेत, म्हणून इंजिनवाल्यांनी एक महिना दम धरावा. ज्यांनी गाडी कोणती, किती सालची हे लिहिलंच नाही, त्यांना उत्तरही मोघमच मिळेल. त्याला माझा इलाज नाही.

प्रश्न : दादा, माही शंभर सीसीची गाडी आहे, तारांच्या चाकाची. रोज सकाळी चाळीस लिटरच्या दोन कॅना दूध आर्वीले नेतो. वर्षभरात मागच्या चाकाचे बेरिंग तीन खेपा बदलले. नवीन टाकलं का महिना-दीड महिना बरं चालते, मंग घर्रर्र आवाज येते अन् चाक डुगडुगाले लागते. मिस्त्री म्हणते, तू वजन लय लादतं, गाडी काय करीन? आता दूध नेणं बंद करू काय?
— दूधवाला, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : दूध बंद करू नका भाऊ. मिस्त्रीचं म्हणणं अर्धं खरं आहे, पण ते अर्धं बेअरिंगला लागू पडत नाही.

दोन्ही कॅना भरल्या तर नुसतं दूधच 82 किलोच्या वर जातं. त्यात कॅनांचं वजन, लोखंडी जाळीचं वजन आणि तुमचं स्वतःचं. शंभर सीसीच्या गाडीला कंपनी माणसांसकट 130 किलोच्या आसपास वजन सांगते, ते तुम्ही रोज ओलांडता. त्याची मार शॉकअपला बसते, टायरला बसते, ब्रेकला बसते, तारांना बसते. बेअरिंगचा हिशेब वेगळा आहे. अशा पुष्कळ गाड्यांत मागे 6301 नंबरचं बेअरिंग असतं. कॅटलॉगात त्याची भारक्षमता 10 किलोन्यूटनच्या आसपास दिलेली असते, म्हणजे एकेका बेअरिंगला हजार किलोच्या घरात. हा आकडा दहा लाख फेऱ्यांसाठीचा असतो, आणि वजन निम्मं झालं की फेऱ्या आठपट होतात. तुमच्या मागच्या चाकावर दीडशे किलो धरा, दोन बेअरिंगांत वाटून टाका, तरी हिशेब लाखो किलोमीटरवर जातो. आपल्या खड्ड्यांपायी आणि चिखलापायी त्याचा शंभरावा हिस्साच पकडा. तेवढ्यातसुद्धा महिन्या-दीड महिन्यात बेअरिंग जायचं कारण नाही.

मग जातं कशानं? तीनदा बेअरिंग बदललं, पण गेलं का हे तिन्ही वेळा कुणी पाहिलं नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं.

बंडीच्या चाकात तुंबा आखावर घासत फिरतो, वंगण घातलं की भागतं. मोटारसायकलचा एक्सल फिरत नाही. तो चिमट्यात, म्हणजे चाकाला दोन्हीकडून धरणाऱ्या दांड्यांत, नटानं आवळून बसवलेला असतो आणि हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, दोन बेअरिंगांवर त्याच्याभोवती फिरतं. बेअरिंगची आतली रिंग एक्सलसोबत स्थिर राहते, बाहेरची हबसोबत फिरते. या दोन बेअरिंगांच्या मधोमध, हबच्या पोटात, एक लोखंडी नळी असते. एक्सलचा नट आवळला की दाब एका सरळ रेषेत जातो: चिमटा, बाहेरचा बुश, आतली रिंग, ती नळी, दुसरी आतली रिंग, पुन्हा बुश, पुन्हा चिमटा. ही रेषा अखंड असली तर नट घट्ट आवळल्यानं छर्ऱ्यांवर आडवा दाब येत नाही. नळी नसेल किंवा आखूड झाली असेल, तर नट आवळताना दोन्ही आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात, छर्रे खाचेच्या कडेवर चढतात आणि चाक फिरेल तसं बेअरिंग तापत जातं. नवीन टाकलं, महिनाभर चाललं, पुन्हा गेलं, ही त्या नळीची सही आहे.

माझ्याकडे अशीच एक गाडी आली होती. एक्सल ओढला, हबमध्ये बॅटरी मारली, तर आरपार उजेड. नळीच नाही! मालकाला विचारलं, तर त्यानं साइड बॉक्समधून कापडात गुंडाळलेली नळी काढून दाखवली. आधी ज्याच्याकडे काम केलं त्यानं ‘हे उरलं’ म्हणून परत दिली होती, आणि यानं ती जपून ठेवली होती, कामाला येईल म्हणून.

तुमची नळी असेलच तर हातात घेऊन बघा. दोन्ही तोंडं सपाट हवीत. जुनं बेअरिंग ठोकून काढताना पुष्कळ जण पोगर, म्हणजे ठोकायची लोखंडी पहार, नळीच्या तोंडावर लावतात, त्यानं तोंड फुलतं, एका बाजूला बसतं. काचेच्या तुकड्यावर नळी उभी करा. तिरपी उभी राहिली तर कामातून गेली. कानस मारून सरळ करायच्या भानगडीत पडू नका, त्यानं ती आणखी आखूड होते. नवीन नळी महाग नसते. दुकानात मिळाली नाही तर लेथवाल्याकडून करून घ्या, पण माप खराब नळीवरून देऊ नका. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीची चांगली नळी नेऊन दाखवा.

दुसरा संशय ठोकण्यावर. हबमध्ये बेअरिंग घट्ट बसतं ते बाहेरच्या रिंगवर, म्हणून बसवताना जोर बाहेरच्या रिंगवरच द्यायचा. आतल्या रिंगवर हातोडा बसला की तो दणका छर्ऱ्यांमधून जातो आणि खाचेत छर्ऱ्याएवढ्या बारीक खळ्या पडतात. डोळ्याला दिसत नाहीत. बेअरिंग नवं असतानाच जुनं होतं. माझी रीत अशी: जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग फेकत नाही, तिला ग्राइंडरवर बाहेरून जरा घासून घेतो म्हणजे ती हबमध्ये अडकत नाही, आणि तीच नव्यावर ठेवून ठोकतो. बरोबर मापाचा बॉक्स पानाही चालतो. 6301 चा बाहेरचा व्यास 37 मिलिमीटर असतो, पाना त्याहून अंमळ कमी हवा.

त्याआधी हब गरम करा. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. हबचं तापमान सत्तर अंशांनी वाढवलं तर 37 मिलिमीटरचं भोक सहा शतांश मिलिमीटरनं मोठं होतं. ऐकायला कमी वाटतं, पण बेअरिंग दोन-चार टोल्यांत जाऊन बसतं. उकळतं पाणी हबच्या बाहेरून ओता आणि लगेच पुसून कोरडं करा. बेअरिंग रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या खणात ठेवलं तर आणखी सोपं. गॅसची ज्योत मात्र हबवर धरू नका.

बसवायचा क्रमही महत्त्वाचा. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या बाजूचं बेअरिंग आधी तळाला टेकेपर्यंत बसवायचं. टेकलं की ठोकण्याचा आवाज बदलतो, भद्द होता तो टण्ण येतो. मग चाक उलटून नळी टाकायची. नळी विसरलात तर पुन्हा सगळं उकला! मग दुसरं बेअरिंग ठोकायचं, ते नळीला टेकलं की थांबायचं. आणखी ठोकलं तर आडवा दाब तुम्हीच भरून ठेवला. झाल्यावर दोन्ही आतल्या रिंगा बोटानं फिरवा. लोण्यासारख्या फिरल्या तर ठीक. अडत अडत फिरल्या तर विरुद्ध बाजूनं हलका टोला द्या.

आता चेन. रिकाम्या गाडीवर तुमचा मिस्त्री चेन टाइट करून देतो, मग तुम्ही कॅना लादता. चिमटा वर-खाली झाला की पुढच्या आणि मागच्या सॉकेटमधलं (चेन ज्यावर फिरते त्या दात्यांच्या चाकांमधलं) अंतर बदलतं, आणि लादलेल्या गाडीत ती चेन तारेसारखी ताणली जाते. तो ताण सगळ्यात आधी खातं ते सॉकेटच्या ड्रममधलं बेअरिंग. चाकात दोन आणि ड्रममध्ये एक असं वेगळं बेअरिंग असतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. चाकाची दोन बदलतात आणि आवाज तसाच राहतो, कारण गेलेलं तिसरंच असतं. कॅना भरलेल्या असताना चेन बघा. तेव्हाही खालच्या बाजूला बोटानं दोनेक सेंटिमीटर वर-खाली व्हायला हवी.

आणि एक. नवं बेअरिंग जर हातानं दाबून हबमध्ये बसत असेल तर हबचं भोक सैल झालं आहे. पोगरनं आत गोल टोचे मारून पकड आणायची जुनी रीत आहे. तुमच्यासारख्या रोजच्या ओझ्याच्या गाडीला ती महिनाभर पुरते. लेथवर बुश मारून घ्या, नाहीतर हब बदला. तारांचं चाक असल्यानं रिंग आणि टायर तेच राहील, तारा मात्र नव्या टाका.

वजनाबद्दल मिस्त्रीचं ऐकाच. एक कॅन आगाऊ रिकामी करता आली, किंवा अर्धं दूध दुसऱ्या खेपेला नेता आलं, तर तारा आणि ब्रेक वाचतील. ब्रेकचं लायनर कधी बदललं ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून विचारतो.

प्रश्न : नमस्कार. मी आशा सेविका आहे. माझी ऑटोमॅटिक गिअरची स्कूटी आठ वर्षांची आहे. तीन गावं फिरावी लागतात, रात्री-बेरात्रीही बाळंतपणाला जावं लागतं. मागचं चाक कधी कधी पंक्चर झाल्यासारखं हलतं, पण हवा असते. रस्त्यात अडकायच्या आधी घरीच कसं ओळखावं?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, मुद्द्याचं विचारलंत. गाडी मेन स्टँडवर घ्या. चाकाचा वरचा आणि खालचा भाग दोन हातांनी धरा आणि एका हातानं ढकला, दुसऱ्यानं ओढा. मग चाक थोडं फिरवून पुन्हा. ‘कट्‌ कट्‌’ असा खेळ हाताला लागला तर बेअरिंग गेलं. खेळ एकाच जागी लागत असेल आणि फिरवल्यावर नाहीसा होत असेल, तरी ते गेलंच समजा. पुढच्या चाकाला हेच करताना कुणाला तरी मागे बसवा, म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. हँडलसुद्धा हलत असेल तर तो खेळ चाकाचा नाही, हँडलच्या कोनसेटचा आहे.

मग चाक हातानं जोरात फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं गाडीच्या लोखंडावर, चाकाच्या जवळ ठेवा. बारीक खरखर कानाला कळत नाही, बोटांना कळते.

स्कूटीत मागचं प्रकरण वेगळं आहे. मोटारसायकलसारखं हबमध्ये बेअरिंग नसतं. चाक थेट गिअरबॉक्समधून आलेल्या शाफ्टवर बसतं आणि बेअरिंग गिअरबॉक्सच्या आत असतं. म्हणून आधी मागच्या चाकाचा मोठा नट ढिला झाला आहे का ते बघून घ्या. तो ढिला असला तरी अगदी तुम्ही लिहिलंय तसंच हलतं. ढिलाच फिरवत राहिलं तर शाफ्टचे दाते झिजतात आणि खर्च दहापट होतो. नट ठीक असेल आणि चाकाच्या मध्यातून ब्रेकच्या बाजूला काळपट तेल उतरत असेल, तर आतलं बेअरिंग आणि ऑइलसील दोन्ही बदलावं लागेल. ते तेल लायनरवर गेलं तर मागचा ब्रेक धरत नाही. अशा अवस्थेत रात्री निघू नका. कुणाला तरी सोडायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला टाका.

स्कूटीचं लोखंडी चाक चेपलं असेल तर सरळ करत बसू नका. ते लहान असतं, स्वस्त असतं, अख्खं बदलता येतं.

प्रश्न : शेतातून युरियाच्या दोन थैल्या आणताना पांदणीत पुढचं चाक दगडावर आपटलं. रिंगला एका जागी खड्डा आणि चाक डावीकडे-उजवीकडे हलतं. गावातल्या पंक्चरवाल्यानं ठोकून दिलं, पण आता हँडल थरथरतं. दुसरा म्हणतो तारांचं चाक काढून टाक, मॅगव्हील (बिनतारांचं ओतीव चाक) टाक. काय करू?
— शेतकरी, ता. मारेगाव, जि. यवतमाळ

उत्तर : युरियाची थैली 45 किलोची. दोन थैल्या म्हणजे 90 किलो, त्यातली एक तुम्ही टाकीवर आडवी ठेवली असणार, म्हणून पुढचं चाक आपटलं. बरं, झालं ते झालं.

चाकात दोन वेगळे दोष असतात आणि लोक त्यांना एकच समजतात. चाक डाव्या-उजव्या बाजूला जातं तो आउट तारांनी निघतो. रिंगची कड आत चेपली, खड्डा पडला, तो तारांनी निघत नाही. पुष्कळ कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये रिंगचा आउट, बाजूचाही आणि वर-खालचाही, जास्तीत जास्त 2 मिलिमीटर चालतो असं दिलेलं असतं. चिमट्याला एक खडू बांधा, त्याचं टोक रिंगच्या कडेजवळ आणा आणि चाक हळू फिरवा. खडू एकाच जागी लागत असेल तर तिथं आउट आहे.

आउट काढायचा म्हणजे काय करायचं? तुमच्या चाकात बहुधा 36 तारा असतील, अर्ध्या हबच्या डाव्या कडेला जातात, अर्ध्या उजव्या. रिंग डावीकडे गेली असेल तर त्या जागेच्या उजव्या तारांची निपलं (तारेच्या टोकाचे बारीक नट) आवळायची आणि डाव्यांची तेवढीच ढिली करायची. पाव पाव फेरीनं. एकदम दोन फेऱ्या दिल्या की आउट पुढच्या जागी पळतो आणि तुम्ही त्याच्या मागे मागे चाकभर फिरता. निपलं गंजलेली असतात, त्यांना आदल्या संध्याकाळी तेल सोडून ठेवा, नाहीतर तार निपलासोबत पिळून तुटते. झाल्यावर पान्यानं प्रत्येक तारेवर हलकं वाजवा. सगळ्यांचा आवाज साधारण एका सुराचा यायला हवा. एखादी बद्द वाजली तर ती ढिली आहे, आणि तिचं ओझं शेजारच्या तारा वाहत आहेत.

तुमच्या रिंगला खड्डा पडला आहे आणि तो ठोकून झालेला आहे. ठोकलेल्या जागी क्रोम उडालं असेल, कड बारीक झाली असेल. त्या जागेवर बोट फिरवा. कड धारदार लागली, किंवा बारीक चीर दिसली, तर रिंग बदला. नुसती रिंग आणि तारांचा संच मिळतो, हब तुमचंच राहतं. मॅगव्हीलपेक्षा कितीतरी स्वस्तात पडतं. तारा विणणारा कारागीर मात्र बघून घ्या, ही कला आता थोड्यांकडे उरली आहे. तालुक्याच्या ठिकाणी एखादा जुना सायकलवाला अजून असतो, त्याचा हात मोटारसायकलवाल्या पोरापेक्षा बरा चालतो असं माझं निरीक्षण आहे. नव्या रिंगेत तारांची टोकं निपलाच्या वर आली असतील तर कानसून घ्यायला सांगा आणि रबराची पट्टी नवी टाका, नाहीतर आतून ट्यूब टोचते आणि तुम्ही बाहेरून काटा शोधत बसता. दोन-तीनशे किलोमीटर चालवल्यावर तारा पुन्हा एकदा आवळून घ्या. हे कुणी करत नाही, आणि मग नवी रिंग खराब निघाली म्हणतात.

चाक खोललंच आहे तर एक्सल काढून काचेवर लोटा. गडगडताना खालून उजेड उघडझाप करत असेल तर तो वाकला आहे. दोन दशांश मिलिमीटरच्या वर वाकलेला एक्सल फेकायचा, ठोकायचा नाही. तुमचं हँडल थरथरतंय त्यात याचाही हात असू शकतो.

मॅगव्हीलबद्दल: पांदणीतल्या गाडीला तारांचं चाक. तार वाकते, लचकते, तुटली तरी एक तुटते. मॅगव्हील दिसायला छान आणि त्याच्या तारा आवळाव्या लागत नाहीत, पण दगडावर आपटलं तर ते लचकत नाही, तडकतं.

प्रश्न : माझ्या दीडशे सीसीच्या गाडीच्या पुढच्या मॅगव्हीलला कडेजवळ चीर गेली आहे. ट्यूबलेस टायर आहे, हवा हळूहळू जाते. शहरात आर्गॉन वेल्डिंग करून मिळतं म्हणतात. ट्यूब टाकून वेल्डिंगवर चालवली तर?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : नाही. ना वेल्डिंग, ना ट्यूब. मॅगव्हील ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं ओतीव असतं, ओतल्यावर ते ठरावीक तापमानाला तापवून-थंडावून त्याला ताकद आणलेली असते. वेल्डिंगची उष्णता लागली की टाक्याच्या आजूबाजूची ती ताकद जाते. वेल्डिंग कितीही सुबक दिसू दे, पुढची चीर टाक्याच्या शेजारून जाईल. आणि ट्यूब टाकल्यानं हवा थांबते, चीर थांबत नाही. उलट हवा जात होती तोवर ती तुम्हाला इशारा तरी देत होती.

दुसरं चाक घ्या. भंगारवाल्याकडचं घेत असाल तर हे करा: कडा आणि जिथं आरे हबला मिळतात त्या जागा डिझेलनं पुसा, कोरड्या फडक्यानं अगदी स्वच्छ करा, मग खडूची पूड चोळा. थोड्या वेळानं चिरेतलं डिझेल वर येऊन पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. रेघ दिसली तर चाक तिथंच सोडून या. डिस्कची भोकं आणि एक्सलची जाडी तुमच्या गाडीची आहे ना, तेही मापून घ्या. ‘बसते ना भाऊ, सगळ्यायले बसते’ असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

कडेला चीर नसून नुसता चिमूटभर चेप असेल, हवा टिकत असेल आणि आउट 2 मिलिमीटरच्या आत असेल, तर त्याला हात लावू नका. सरळ करायला जाऊन तडकवलेली चाकं मी जास्त पाहिली आहेत.

प्रश्न : वॉशिंग सेंटरवर गाडी धुतल्यावर बेअरिंग लवकर जातात हे खरं आहे का? मी धानाच्या भागात राहतो, रोवणीच्या दिवसांत गाडी रोज चिखलात. बेअरिंगमध्ये वरून ग्रीस भरता येईल का?
— शिक्षक, ता. लाखनी, जि. भंडारा

उत्तर : गुरुजी, चिखलानं जेवढी जात नाहीत तेवढी धुण्यानं जातात. प्रेशरचा पाइप हबच्या मध्यावर धरला की पाणी सीलच्या ओठाखालून आत घुसतं आणि बाहेर यायला वाट नसते. पोराला सांगा, हबवर आणि चेनसॉकेटच्या मधोमध सरळ धार मारायची नाही, तिरपी आणि लांबून मारायची. चिखल ओला असतानाच बादलीभर साध्या पाण्यानं काढला तर प्रेशरची गरजच पडत नाही.

बेअरिंग घेताना नंबरच्या पुढची अक्षरं वाचा. ‘झेड झेड’ किंवा ‘2 झेड’ म्हणजे दोन्हीकडे पत्र्याचं झाकण, ‘2 आर एस’ म्हणजे दोन्हीकडे रबरी सील. तुमच्याकडच्या चिखलाला रबरी सीलचंच घ्या. त्यात ग्रीस आधीच भरलेलं असतं, वरून भरायची गरज नाही आणि भरता येतही नाही. रबर सुईनं उचकटून भरणारे आहेत, पण उचकटलेलं रबर पुन्हा पहिल्यासारखं बसत नाही. तुम्ही ग्रीस लावायचं ते हबच्या बाहेरच्या ऑइलसीलच्या ओठाला आणि एक्सलच्या पूर्ण लांबीला, पातळ. एक्सल कोरडा बसवला तर दोन पावसाळ्यांनी तो आत गंजून बसतो आणि काढताना घण लागतो. ब्रेकच्या ड्रमजवळ मात्र ग्रीसचा थेंबही नको.

प्रश्न : पंपाच्या मोटरीत आणि गाडीत एकाच नंबरचं बेअरिंग दिसलं, 6203. मोटर वाइंडिंगवाल्याकडचं गाडीला चालेल का? गाडीच्या दुकानात दुप्पट भाव सांगतात.
— ता. राळेगाव, जि. यवतमाळ

उत्तर : चालेल. नंबर जगभर एकच असतो. शेवटचे दोन आकडे भोकाचे: 00 म्हणजे 10 मिलिमीटर, 01 म्हणजे 12, 02 म्हणजे 15, 03 म्हणजे 17, आणि 04 पासून पुढं आकड्याला पाचानं गुणायचं. त्याआधीचा आकडा जाडीचा, म्हणून 6201 आणि 6301 दोन्हींचं भोक 12 मिलिमीटर, पण 6301 अंगानं मोठं. मोटरवाल्याकडचं बहुतेक वेळा ‘सी 3’ असतं. मोटर तापते म्हणून त्यात छर्ऱ्यांना जरा जास्त मोकळीक ठेवलेली असते. चाकाला ते चालतं. झाकण मात्र रबराचं आहे का ते बघा. मोटरीला पत्र्याचं पुष्कळ वापरतात, तुमच्या पांदणीला ते पुरणार नाही.

नकलीची भीती मोटरवाल्याकडेही आहे आणि गाडीच्या दुकानातही. पक्कं बिल देणाऱ्याकडून घ्या. डबीवरचा आणि रिंगवरचा नंबर जुळतो का पाहा. अक्षरं नखानं खरवडून निघत असतील तर डबी परत करा. आणि जुनं बेअरिंग सोबत न्या, नुसता नंबर तोंडी सांगू नका. 6301 म्हणून गेलेला माणूस 6201 घेऊन परतलेला मी पाहिला आहे.

प्रश्न : मी आयटीआय करतो आहे. पुढच्या वर्षी गावात छोटं गॅरेज टाकायचं आहे. चाकाच्या कामासाठी आधी कोणती हत्यारं घ्यावी? भांडवल कमी आहे.
— विद्यार्थी, जि. वाशिम

उत्तर : बेटा, आतून पकडून बेअरिंग ओढणारा पुलर पहिला घे. तो नसला की पोगर आणि हातोडा चालतो आणि वर दूधवाल्या भाऊंचं जे झालं ते गिऱ्हाइकाचं होतं. पोगर वापरावाच लागला तर एक्सलच्या भोकातून आत घालून नळी एका बाजूला सरकव, आतल्या रिंगची कड उघडी पडते, तिथं टेकव, आणि एकदा इकडे एकदा तिकडे असं फिरत्या टोल्यांनी काढ. निघालेलं बेअरिंग पुन्हा कधीच बसवायचं नाही, कितीही चांगलं वाटलं तरी. मग निपलपाना, टायर काढायचे दोन चांगले लिव्हर, मापाला व्हर्निअर, आणि नट ठरल्या जोरानं आवळायला टॉर्कचा पाना. शेवटचा महाग आहे, तो वर्षभरानं घेतलास तरी चालेल.

आउट काढायचा स्टँड विकत घेऊ नको. भंगारातून जुन्या गाडीचा पुढचा फोर्क आण, त्याचे दोन्ही पाय वर करून लोखंडी पाटावर वेल्डिंग करून घे, आणि एका पायावर सरकता खिळा बसव, रिंगला दाखवायला. पाट रुंद आणि जड ठेव, किंवा फरशीत बोल्टनं आवळ, नाहीतर चाक फिरवलं की स्टँडही फिरतो.